ईश्वरीच्या चतुःसीमा

मल्लिनाथ आप्पा शेटे यांनी चाळीस वर्षांत लिहिलेला एकही दस्त रजिस्ट्री ऑफिसातून माघारी आला नव्हता. ही गोष्ट अख्ख्या पाटोद्याला माहीत होती, कारण आप्पांनी ती अख्ख्या पाटोद्याला सांगितली होती. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, काहीही असो; ऑफिसासमोरच्या लिंबाखाली पत्र्याच्या टेबलावर वाकून आप्पांनी एकदा ‘लिहून घेणार’ आणि ‘लिहून देणार’ मांडले, की पुढं त्या दोघांची डोकी फुटली तरी दस्ताला धक्का लागत नसे. अलीकडं शेजारच्या टेबलावर धर्मराज नावाचा तरुण दस्तलेखक संगणक घेऊन बसू लागला होता. आप्पांना आपला मसुदा नाइलाजानं त्याच्याकडूनच छापून घ्यावा लागे. पण “मजकूर माझा, बटणं ह्याची” हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगत.

अशा आप्पांच्या टेबलापाशी एका बुधवारी, शाळा सुटल्यावर, त्यांची नात ईश्वरी आली. एरवी ती टेबलाच्या आतल्या बाजूला येऊन आप्पांच्या मांडीला रेलायची. त्या दिवशी ती बाहेरच्या बाजूला, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. दप्तर मांडीवर घेतलं. पाय जमिनीला पुरत नव्हते.

“आप्पा, एक अर्ज लिवायचाय.”

“कुणाचा?”

“माझा.”

आप्पांना हसू आलं, पण गिऱ्हाइकासमोर हसायचं नाही हा त्यांचा दंडक होता. त्यांनी कोरा कागद पुढं ओढला. “नाव?”

“ईश्वरी केदारनाथ शेटे.”

“वय?”

“नऊ.”

“धंदा?”

ईश्वरीनं जरा विचार केला. “व्हिडिओ.”

“अन् अर्ज कुणाच्या विरुद्ध?”

“पप्पांच्या.”

आप्पांनी पेनाचं टोपण परत लावलं.

ईश्वरीचे व्हिडिओ म्हणजे काय, हे पाटोद्यात कुणाला सांगावं लागत नाही. पण पाटोद्याबाहेरही जग आहे असं ऐकिवात आहे, म्हणून सांगितलेलं बरं. आप्पांचा मुलगा केदारनाथ, ह्याचं मोबाईलचं दुकान. त्यानं ‘आमची ईश्वरी’ या नावानं चॅनेल काढलं होतं. ईश्वरी धपाटे थापते, ईश्वरी बसवण्णांची वचनं म्हणते, ईश्वरी सायकल शिकते आणि पडते, असं सगळं त्यात असे. एक लाख सोळा हजार माणसं त्या चॅनेलला जोडली गेली होती. व्हिडिओवाल्या कंपनीकडून चांदीच्या रंगाची पाटी आली होती, आणि ती बैठकीत बसवेश्वरांच्या फोटोशेजारी, मान राखून दोन बोटं खाली, लावलेली होती. आप्पांना नातीचा अभिमान किती? तर दस्त लिहायला आलेल्या माणसाला आधी एक व्हिडिओ बघावा लागे, मगच त्याच्या जमिनीचा विषय निघे. भावाभावांची भांडणं घेऊन आलेली माणसं ईश्वरीचा नाच बघून हसत, आणि आप्पा म्हणत, “आमच्या घरातलं लेकरू हाय हे. हां, आता सांगा, कोण कुणाचा बांध कोरायलंय?”

तीन आठवड्यांपूर्वी एका रविवारी केदारची बायको शिवगंगा अंगणात बसून ईश्वरीच्या उवा काढत होती. ईश्वरी ओरडत होती, रडत होती, आईच्या हातातून सुटायला बघत होती. केदारनं दाराआडून ते सगळं टिपलं. वर नाव दिलं: ‘ईश्वरीच्या डोक्यात निघाल्या एक्केचाळीस उवा! शेवटपर्यंत बघा!’ आणि चार लाख माणसांनी तो खरंच शेवटपर्यंत बघितला. मग केसांचं तेल बनवणाऱ्या एका कंपनीचा फोन आला. आता येत्या रविवारी त्याचा दुसरा भाग निघायचा होता, त्यांच्या तेलासकट.

“वर्गात मी उभी राहिले की सगळी पोरं एकदम डोकं खाजवतेत,” ईश्वरी सांगू लागली. “कविता म्हणायला उठले की खाजवतेत. पाणी प्यायला गेले की खाजवतेत. आज तर बाईंनीबी खाजवलं.”

“बाईंनी?”

“त्यांचं चुकून झालं. पण पोरं लई हसली.” तिनं दप्तराचा बंद बोटाला गुंडाळला. “आप्पा, तो व्हिडिओ काढून टाकायचा. अन् रविवारी मी बसणार न्हाई. एवढंच लिवा.”

एवढंच. आप्पांनी टोपण पुन्हा काढलं. गिऱ्हाईक घरचं होतं, लहान होतं, त्याच्याकडं पैसे नव्हते. पण चाळीस वर्षांत इतकी स्वच्छ तक्रार त्यांच्या टेबलावर आली नव्हती. माणसं येत ती तीन पिढ्यांचं भांडण घेऊन येत आणि खरी गोष्ट चौथ्या दिवशी सांगत.

आधी तोंडी बोलून बघावं, म्हणून आप्पांनी त्याच संध्याकाळी केदारला गाठलं.

“आप्पा, चार लाख!” केदार म्हणाला. “चार लाख माणूस बीडच्या सभेलाबी येत न्हाई.”

“पोरगी रडायली त्याच्यात.”

“तेच तर लोकांला आवडलं.”

हे तो वाईटपणानं म्हणाला नाही. केदारचा ईश्वरीवर जीव होता. ती तापानं फणफणली तर तो दुकान बंद करून उशाशी बसे. फक्त बसताना मोबाईल चालू ठेवी.

“अन् कंपनीला मी जबान दिलीय,” केदार म्हणाला. “सही करून दिलीय.”

आप्पांनी तो कागद मागून घेतला. अकरा पानं होती. त्यात तेलाच्या बाटलीचा उल्लेख एकोणीस वेळा होता, बाटली कॅमेऱ्याकडं कशी धरायची याचं एक सबंध कलम होतं. पोरीचा उल्लेख एकदाच, तोही ‘घरातील मूल’ असा. तिचं नाव नव्हतं, सही नव्हती, तिला विचारलं असं कुठं म्हटलेलं नव्हतं. आप्पांमधला धंद्यातला माणूस जागा झाला. ज्या मिळकतीचा व्यवहार झाला, तिलाच कागदात जागा नाही? असला ढिसाळ मसुदा त्यांनी शत्रूलाही लिहून दिला नसता.

“कागदाला कागदच लागतो,” ते म्हणाले, आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बजरंगच्या हॉटेलात ही बातमी आप्पांच्या आधी पोचलेली होती. पाटोद्यात सल्ला मागावा लागत नाही, चहाबरोबर येतो.

“आप्पा, कावून कागदं करता?” बजरंग कपबशी पुढं सारत म्हणाला. “केदारचा फोन इहिरीत टाका. इषय खतम.”

“तो दुसरा घेईल. त्याचं दुकानच फोनाचं हाय.”

“मग दुकान—”

“गप रे.”

तेवढ्यात विजयसिंह आला. हा तालुक्यातला उगवता नेता. कुठल्या पक्षाचा, ते त्या आठवड्यावर असे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावर मूठ आपटली. “आप्पा, हा लेकरांच्या हक्काचा प्रश्न हाय. आपण मोर्चा काढू. तहसीलवर. चौकात मोठं बॅनर लावू, त्याच्यावर ईश्वरीचा फोटो—”

“कोणता फोटो?”

“तोच. फणीवाला. लोकांला ओळखू नको का यायला?”

आप्पांनी चहा अर्धा सोडला. हे त्यांच्या हातून आयुष्यात दुसऱ्यांदा होत होतं.

कामाची गोष्ट निघाली ती धर्मराजकडून, आणि हेच आप्पांना जास्त लागलं. त्यानं फोनवर शोधून काढलं, की फ्रान्स देशात यासाठी कायदाच आहे. तिथं असलं चॅनेल चालवायचं तर आईबापाला सरकारच्या नियमात बसावं लागतं, लेकराची कमाई त्याच्या नावावर ठेवावी लागते, आणि लेकरानं म्हटलं की माझा व्हिडिओ काढा, तर तो काढावा लागतो.

“लेकरानं नुसतं म्हटलं की?” आप्पांनी विचारलं.

“नुसतं म्हटलं की.”

त्या देशात कुणीतरी चांगला अर्जनवीस असला पाहिजे, असं आप्पांना वाटलं. मग त्यांनी टोपी घातली आणि बीडची गाडी धरली.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या कार्यालयांची नावं इथं देण्यात अर्थ नाही. त्यांच्या पाट्या कबुतरांनी आधीच झाकून टाकल्या आहेत. पहिल्या कार्यालयात बाईंनी आप्पांना बसवून घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, “पोरीचं लग्न लावायलेत का?”

“न्हाई. नऊ वर्षांची हाय ती.”

“नऊचंबी लावतेत, आप्पा. बरं, मारहाण?”

“न्हाई. लई लाड करतो बाप.”

“उपाशी ठेवतेत?”

“धपाट्याचा व्हिडिओ हाय ना तिचा! बघा की.” आणि आप्पांनी तो काढून दाखवलासुद्धा.

बाई हसल्या, पूर्ण व्हिडिओ बघितला, चॅनेलला जोडल्या गेल्या आणि म्हणाल्या, “गोड हाय हो लेकरू! पण आमच्या फॉर्मात हिचा रकाना न्हाई. तुमी कामगारवाल्यांकडं जा.”

दुसऱ्या कार्यालयातल्या साहेबांनी चष्मा पुसला. माणूस सज्जन होता, आणि कायदा पाठ असलेला होता, हा योग दुर्मीळच. “हे बघा आप्पा,” ते म्हणाले, “सिनेमा, मालिका, जाहिरात, ह्याच्यात लेकराला घ्यायचं तर नियम हायत. निर्मात्यानं कलेक्टरची परवानगी काढायची. दिवसाला पाच तासांच्या वर काम न्हाई. शाळा बुडवायची न्हाई. कमाईतला पाचवा हिस्सा लेकराच्या नावानं बँकेत.”

“झ्याक!” आप्पा म्हणाले. “हेच पायजे.”

“तुमच्या पोरीचा निर्माता कोण?”

“बाप.”

“स्टुडिओ?”

“अंगण. कधी स्वयंपाकघर.”

साहेबांनी चष्मा परत पुसला. “इथंच घोटाळा हाय. लेकरानं शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हातभार लावला, तर कायद्याला चालतं. आता तुमची पोरगी नटी हाय, का घरी मदत करायलीय? नटी म्हणावं, तर सिनेमा कुठाय? मदत म्हणावं—”

“डोक्यातल्या उवांची मदत?”

“कायदा लिवला तवा अंगणात कॅमेरा नव्हता, आप्पा. तुमी अर्ज द्या. मी वरून मार्गदर्शन मागवतो.”

“किती दिवस?”

साहेब प्रामाणिक होते. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

परतीच्या गाडीत आप्पा एकच हिशोब करीत होते. आपण ज्या कागदांच्या जिवावर जगलो, त्या सगळ्या कागदांत आपल्या नातीला उभं राहायला टाचेएवढी जागा नसावी? मांजरसुंब्याचा घाट ओलांडेपर्यंत त्यांचा राग सरकारवर होता. त्यानंतर तो कामाला लागला. कायदा येईल तेव्हा येईल. तोवर दस्तलेखक मेला नाही.

संध्याकाळी त्यांनी ईश्वरीला बैठकीत समोर बसवलं. पाचशेचा बाँड आणलेला होता. शंभराचा बंद झाल्यापासून भांडण महाग झालं आहे, असं आप्पांचं मत होतं, पण नातीसाठी त्यांनी ते गिळलं. अडचण एकच होती. आप्पांना जमिनीचा दस्त लिहिता येत होता. लेकराचा कसा लिहितात, हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी जे येत होतं तेच केलं.

“मिळकतीचं वर्णन,” ते लिहू लागले. “मौजे पाटोदा येथील कुमारी ईश्वरी, वय वर्षे नऊ, तिचे केस, दात, उवा, लिखा, रडू, हसू, तसेच पुढे जे जे उगवेल त्यासह. हां, आता चतुःसीमा सांग.”

“म्हंजी?”

“जमीन कुठपर्यंत तुझी, ते सांगावं लागतं. चारी बाजूंला काय हाय ते लिवायचं. त्याच्या आत तुला विचारल्याबिगर कुणी पाय ठेवायचा न्हाई.” आप्पांना राहवलं नाही. “एक जण आलता माझ्याकडं. म्हणला, पूर्वेस भाऊ, बोलत न्हाई. पश्चिमेस चुलता, मेला, तोबी बोलत न्हाई. तसं नको. नीट सांग.”

ईश्वरी खरंच नीट सांगू लागली. मोठी माणसं चतुःसीमा सांगताना शेजाऱ्याची जमीन दोन हात आत ओढतात. हिनं तसं काही केलं नाही.

“पूर्वेला शाळा. शाळेत अन् शाळेच्या रस्त्यावर मोबाईल न्हाई.”

आप्पांनी लिहिलं.

“दक्षिणेला न्हाणी. अन् झोपलेली असले की. अन् ताप आला की.”

“अन् उवा?”

“त्या तर वर लिवल्यात ना तुमी. माझ्या केसांसंगं.”

आप्पांनी नातीकडं बघितलं. पोरगी दस्त वाचू लागली होती.

“पश्चिमेला रडणं. रडू आलं की मोबाईल खिशात ठेवायचा. रडू थांबल्यावर मग विचारायचं, दाखवू का म्हणून. मी हां म्हटलं तरच.”

“मधल्या क्षेत्रात?”

“नाच चालंल. धपाटे चालतेल. वचनं चालतेल. सायकलवरून पडलेलंबी चालंल, मला मजा वाटलती त्याच्यात. पण आधी विचारायचं.”

‘मधील क्षेत्रात विचारून वहिवाट करण्यास हरकत नाही,’ आप्पांनी लिहिलं. मजकूर इतका सरळ उतरत होता, की त्यांना आपल्याच हाताचा अभिमान वाटला. “आता उत्तर.”

ईश्वरी फरशीवरची रेघ अंगठ्यानं गिरवू लागली.

“सांग की. उत्तरेला कोण हाय?”

“तुमी.”

“मी?”

“उवांचा व्हिडिओ तुमीबी दाखवला. रजिस्ट्रीसमोर. दिव्याची आई जमिनीचं काम घेऊन आलती, तिला दाखवला. तिनं घरी सांगितलं. मग दिव्यानं वर्गात पहिल्यांदा डोकं खाजवलं.” ती घाईनं पुढं म्हणाली, “तुमी कौतुकानं दाखवला, ते म्हाईत हाय मला. पण तरी.”

आप्पांचं पेन थांबलं. चाळीस वर्षांत त्यांनी हजारो माणसांना दुसऱ्याच्या बांधावरून मागं सरकवलं होतं. आपण कुणाच्या बांधावर उभे असू, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. बाहेर वरातीची गाडी वाजत गेली. मग आप्पांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘उत्तरेस: आजोबा.’ आणि वर जाऊन ‘लिहून देणार’ या शब्दांखाली केदारच्या नावानंतर दुसरं नाव घातलं: मल्लिनाथ शिवलिंग शेटे, स्वतः.

शुक्रवारी सकाळी दस्त, सह्यांच्या आधी साहेबांच्या नजरेखालून जावा म्हणून, रजिस्ट्री ऑफिसात गेला. धर्मराजनं छापून दिला होता, आणि छापताना तो एकदाही हसला नव्हता, हे त्याच्या खात्यावर जमा केलं पाहिजे. आतले साहेब आप्पांना मानणारे होते. त्यांनी सांभाळून सुरुवात केली.

“आप्पा, गट नंबर?”

“न्हाई.”

“क्षेत्र?”

“नऊ वर्षं.”

“बरं. असू द्या.” साहेब खाली वाचत गेले, आणि एका ओळीवर त्यांचं बोट अडकलं. “आप्पा, हे काय लिवलं?”

आप्पांनी वाकून बघितलं. ‘लिहून देणार: केदारनाथ मल्लिनाथ शेटे व मल्लिनाथ शिवलिंग शेटे.’ बरोबर होतं. ‘लिहून घेणार: कु. ईश्वरी, अज्ञान, तर्फे पालनकर्ता केदारनाथ मल्लिनाथ शेटे.’

अज्ञान म्हणजे कायद्यानं अठराच्या आतलं; असल्या लेकराच्या वतीनं सही करायला मोठं माणूस लागतं, आणि चाळीस वर्षं लेकराच्या नावापुढं आप्पांचा हात आपोआप बापाचं नाव लिहीत आला होता. इथंही त्यानं लिहिलं होतं.

“म्हंजी,” साहेब हळू आवाजात म्हणाले, “केदारनाथनं केदारनाथला लिवून दिलं, की केदारनाथ पोरीला तरास देणार न्हाई. अन् दिला, तर पोरीच्या वतीनं केदारनाथच्या विरुद्ध तक्रार करणार कोण? केदारनाथ.”

बाहेरच्या खिडकीशी उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांनी ऐकलं होतं. म्हणजे दुपारपर्यंत सगळ्या तालुक्यानं ऐकल्यासारखंच होतं.

“तसाबी हा नोंदवता येत न्हाई मला,” साहेब म्हणाले. “पण मजकूर… आप्पा, असला मजकूर मी वाचला न्हाई कधी.” आणि त्यांनी दस्त दोन्ही हातांनी परत दिला.

परत दिला! आप्पा पायऱ्या उतरले ते घरात कुणी गेल्यासारखे. धर्मराज उठून उभा राहिला. एरवी त्यानं हा दिवस पेढे वाटून साजरा केला असता. तो फक्त म्हणाला, “आप्पा, चूक तुमची न्हाई. सगळ्या घरांत असंच लिवलेलं असतंय.”

रविवार उजाडला. दहाच्या सुमारास कंपनीचा माणूस आला. तरुण, नम्र, पायांत पांढरे बूट. त्यानं अंगणात गोल दिवा उभा केला, पाटावर तेलाच्या बाटल्या मांडल्या आणि फणीसुद्धा स्वतःची, नवी कोरी, आणली होती. ईश्वरी दाराच्या चौकटीला पाठ लावून दोन्ही हात डोक्यावर घट्ट धरून उभी होती.

तेवढ्यात आप्पा आले. धुतलेलं धोतर, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे, हातात माघारी आलेला दस्त. मागं पंच म्हणून बजरंग आणि धर्मराज. विजयसिंहला कुणी बोलावलं नव्हतं, पण चार माणसं जिथं चालत जातात तिथं पाचवा तो असतोच.

“आप्पा, हे काय?” केदार म्हणाला.

“जमिनीचा व्यवहार झाला की जागेवर जाऊन बांध फिरून दाखवायचे असतेत. ईश्वरी, दाव.”

ईश्वरीनं हात डोक्यावरून काढले नाहीत. तशीच पंचांना घेऊन चालू लागली. हे शाळेच्या रस्त्याचं दार. ही न्हाणी. हा पलंग. आणि कणगीमागचा हा कोपरा, इथं ती रडायला बसते. पंचांनी कोपरा वाकून बघितला. बजरंगला तो कोपरा बघून काय झालं कुणास ठाऊक, त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं नाक पुसलं. मग ईश्वरी येऊन आप्पांपाशी थांबली. “अन् हा उत्तर बांध.” आप्पांनी सगळ्यांसमोर मान डोलावली.

कंपनीच्या माणसाला यातलं काही कळलं नव्हतं, पण आवडलं मात्र होतं. “सर, हे पण शूट करायला पाहिजे होतं!” तो म्हणाला.

“आप्पा, घरातला तमाशा कावून करायलात?” केदार चिडला. “उवाच हायत त्या! सगळ्यांच्या घरात असतेत.”

“खरं हाय,” स्वयंपाकघराच्या दारातून शिवगंगा म्हणाली. ती पदराला हात पुशीत आली, पाटावर बसली आणि अंबाडा सोडला. “पोरीच्या माझ्याबी डोक्यात आल्यात. परवापासून खाजायलंय. हां, करा चालू. माझ्या काढा. चार लाख लोकांला दावा.”

“मॅडम, एकदम मस्त!” कंपनीचा माणूस दिव्याकडं धावला. “आई आणि मुलगी, दोन्ही!”

“ए, थांब बे!” केदार ओरडला. “तिचं न्हाई! घरच्या बाईच्या उवा काय लोकांला दावायच्या असतेत?”

“कावून?” शिवगंगानं मागं वळून विचारलं. “माझं डोकं घरचं, अन् तिचं काय गावचं हाय?”

दिवा चालू झाला होता. त्याचा उजेड केदारच्या तोंडावर पडला होता. त्यानं बायकोकडं बघितलं, मग चौकटीशी उभ्या पोरीकडं. तिचे हात अजून डोक्यावरच होते. दंड थरथरत होते. अर्धा तास झाला होता.

“हात खाली घे, बेटा,” तो म्हणाला. “दुखतेल.”

“आधी सही,” ईश्वरी म्हणाली.

केदारनं दस्त वाचला. एकदा वाचला, पश्चिमेच्या ओळीपाशी थांबला, मग परत पहिल्यापासून वाचला. आणि सही केली. मग आप्पांनी केली. दस्ताच्या तळाशी ‘दस्तलेखक’ म्हणून त्यांनी हजारो सह्या केल्या होत्या. वर, देणाऱ्यांच्या रांगेत, ही पहिली. ‘तर्फे पालनकर्ता’ ही ओळ त्यांनी खोडली आणि पेन नातीला दिलं. तिनं जीभ बाहेर काढून, रेघेच्या वर न जाता, पूर्ण नाव लिहिलं.

“पण हे बघ,” आप्पा खऱ्याला जागून म्हणाले, “तू अज्ञान हायस. तुझी सही कायद्याला चालत न्हाई.”

“घरात चालंल का?”

आप्पांनी केदारकडं बघितलं. केदारनं फोन काढला, तो व्हिडिओ शोधला आणि काढून टाकायच्या बटणावर अंगठा ठेवला. चार लाख अकरा हजार माणसं त्या एका अंगठ्याखाली गेली. त्याच्या चेहऱ्यावर सभा उधळलेल्या नेत्याची कळा आली होती, पण त्यानं अंगठा उचलला नाही. “चालंल,” तो म्हणाला. विजयसिंहच्या फोनात त्या व्हिडिओची एक प्रत उतरवून ठेवलेली होती. ईश्वरीनं नुसता हात पुढं केला, आणि तालुक्याच्या उगवत्या नेतृत्वानं तीही पुसून टाकली.

कंपनीच्या माणसानं दिवा मिटला. अकरा पानी कराराचं काय, असं तो विचारत होता. आप्पांनी त्याला चहा पाजला आणि सातव्या पानावरची त्याच्याच कंपनीची चूक दाखवून दिली, तेव्हा तो बाटल्या घेऊन, आणि दोन शिवगंगाला ठेवून, निघून गेला.

सोमवारी वर्गात पोरांनी डोकं खाजवलं. मंगळवारीही खाजवलं, जरा कमी. बुधवारी ईश्वरीनं स्वतःहून केदारला सांगितलं, की एक व्हिडिओ करायचाय. ती पाटावर ताठ बसली आणि तिनं दस्त वाचून दाखवला. चारही सीमा, ‘पुढे जे जे उगवेल त्यासह’. तो व्हिडिओ फार कुणी बघितला नाही. उवांपुढं वचनाला कोण विचारतो! जेमतेम चार हजार. पण आप्पांनी तो दाखवायच्या आधी तिला विचारलं, तिनं हां म्हटलं, आणि मग रजिस्ट्रीसमोर त्या दिवशी एकही दस्त वेळेवर झाला नाही.

पुढच्या आठवड्यात लिंबाखाली एक बाई आली. उमापूरची छबुबाई. दोन गाड्या बदलून आली होती. सोबत सात वर्षांची नात, वैष्णवी. डोळ्यांत काजळ, केसांत गजरा, भर दुपारी लावणीचा शालू.

“आप्पा, ती ईश्वरीवाली चिठ्ठी आमाला करून द्या,” छबुबाई स्टुलावर बसत म्हणाली. “आमची लई नाचते. चॅनेल हाय तिचं. मीच सांभाळते. तेवढा कागद असला, की कुणी बोट दावणार न्हाई. मी सांगते तसं लिवा. पूर्वेला—”

“बाई, तुमी उठा,” आप्पा म्हणाले. “स्टुलावर तिला बसू द्या.”

“तिला काय कळतंय, आप्पा?”

“चतुःसीमा मालकानं सांगायची असती.”

शेजारच्या टेबलावर धर्मराजचं टाइप करणं थांबलं होतं. वैष्णवी शालू सावरत स्टुलावर चढली. आप्पांनी कोरा कागद सरळ केला, नाव विचारलं, वय विचारलं, आणि गिऱ्हाइकाला विचारतात तसं, मान तिरपी न करता, आवाज गोड न करता विचारलं, “पूर्वेस काय?”

वैष्णवीनं एकदा आजीकडं बघितलं. मग आप्पांच्या पेनाकडं.

“पहाटं नाचायला उठवायचं न्हाई,” ती म्हणाली.

आप्पांनी ते अक्षर न् अक्षर लिहिलं. मग वरच्या रांगेत ‘लिहून देणार’ मांडलं, त्यापुढं छबुबाईचं नाव घातलं आणि पेन तिच्यापुढं धरलं.

“बोला छबुबाई. सही, का अंगठा?”